अंगावरच्या आधी अंगाखालचं

परभणीची थंडी दुपारी बारा वाजता कुणालाच दिसत नाही. ऊन खणखणीत पडलेलं असतं, पारा अठ्ठावीस-तीसच्या घरात असतो आणि कचेरीतल्या माणसांनी स्वेटर काढून खुर्चीला अडकवलेले असतात. थंडीसाठी कुणाला काय द्यायचं, किती द्यायचं, कधी द्यायचं, हे सगळं नेमकं याच वेळी ठरतं. पहाटे चारला तोच पारा सात-आठवर, कधी त्याच्याही खाली उतरलेला असतो. समुद्र लांब, हवा कोरडी, आभाळ मोकळं. दिवसभर तापलेली काळी जमीन रात्री सगळी ऊब सोडून देते. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत 2018 च्या डिसेंबरअखेरीस पारा चार अंशांच्याही खाली गेला होता, 2024 च्या डिसेंबरात पाचाच्या खाली. शहरातला आकडा आणि विद्यापीठाचा आकडा यात फरक पडला की लोक विचारतात, खरा कुठला? विद्यापीठाचं ठिकाण उघड्या रानात आहे. आमची खेडी, तांडे, गावाबाहेरच्या वस्त्या तशाच उघड्यावर आहेत. त्यांच्यासाठी विद्यापीठाचा आकडाच खरा धरा.

मी गंगाखेडची. लग्न होऊन आले तेव्हापासून शिलाई मशीन चालवते. दिवाळीची गर्दी ओसरली की माझ्याकडची कामं बदलतात. ब्लाऊज, परकर मागे पडतात. जुन्या स्वेटरची चेन बदला, शालीला अस्तर लावा, वाकळ उसवलीय तेवढी टाचून द्या, अशी माणसं येऊ लागतात. कुणाच्या घरात थंडीचं काय आहे आणि काय नाही, हे मला त्या कपड्यांवरूनच कळतं. या कामातून माझं जे मत झालंय ते सांगायला हे लिहितेय. ऊब वाटायची असेल तर ती दिवाळी उलटताच वाटावी, घरात डोकावून वाटावी, आणि अंगावर घालायच्या आधी अंगाखाली काय आहे ते बघावं.

गाडगेबाबांच्या पुण्यतिथीला, 20 डिसेंबरला, बऱ्याच ठिकाणी ब्लँकेटवाटप होतं. उघड्याला वस्त्र द्या हे बाबांनी आयुष्यभर सांगितलं, तेव्हा तो दिवस निवडणाऱ्यांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण तोवर महिनाभर लोक कुडकुडलेले असतात. काही वाटपं तर संक्रांतीच्या तिळगुळाबरोबर होतात. नोव्हेंबरच्या मध्यावर खोकला धरलेल्या म्हाताऱ्या माणसाला जानेवारीतलं ब्लँकेट काय कामाचं? आमच्याकडे उन्हाळ्याची तयारी मार्चपासून होते, पाणपोया लागतात, उष्माघाताच्या सूचना निघतात. थंडीची तयारी मात्र थंडी पडल्यावर.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक आजी राहतात. मुलगा आणि सून कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, दोन नातवंडं आजीकडे असतात. गंगाखेड, पालम, सोनपेठ या भागातल्या घरांची ही रीतच झालीय. दसरा-दिवाळीला मुकादम उचल देतो, ट्रक लागतो, नवराबायकोची जोडी पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात कारखान्यावर जाते आणि पाडव्याच्या आगेमागे परत येते. जाताना घरातलं धड अंथरूण-पांघरूण त्यांच्याबरोबर जातं, कारण ताडपत्रीच्या कोपीतली थंडी घरातल्या थंडीपेक्षा वाईट. राहतं ते विरलेलं. म्हणजे ऐन थंडीत गावात म्हातारी माणसं, लेकरं आणि फाटकी पांघरुणं मागे उरतात.

या आजींना वाटपात ब्लँकेट मिळालेलं होतं. मी त्यांच्याकडे गेले तेव्हा ते प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढलेलंही नव्हतं, पेटीत ठेवलेलं. म्हणाल्या, "नातीच्या लग्नात होईल गं बाई. माझं काय, भागतंय." झोपत होत्या त्या शहाबादी फरशीवर एका चटईवर, अंगावर दोन लुगडी दुमडून. मी संध्याकाळी त्या फरशीवर तळहात टेकवला आणि मनगटापर्यंत कळ गेली. अशा फरशीवर एकाच्या जागी दोन ब्लँकेटं पांघरली तरी अंगातली ऊब खाली निघून जाते. जमीन रात्रभर ती शोषत राहते. अंगाखालचा कपडा वजनानं दबून पातळ होतो, त्यात हवा उरत नाही, आणि हवा नाही म्हणजे ऊब नाही.

यावरचा उपाय स्वस्त आहे आणि प्रत्येक शिंप्याच्या दुकानात रोज झाडून फेकला जातो. कातरण. कापड बेतताना उरलेल्या चिंध्या. दोन बारदाने उसवून एकमेकांना जोडायचे, मधे कातरण सारखी पसरायची, वरून जुन्या सुती चादरीचा अभ्रा घालायचा आणि सुतळीनं वीतभर अंतरावर टाके मारायचे, म्हणजे कातरण एका बाजूला गोळा होत नाही. किराणा दुकानातले पुठ्ठे खाली अंथरायचे, त्यावर ही गादी. आजींकडे मी हीच नेली. ती लग्नाकरता ठेवावी अशी देखणी नाही, म्हणूनच ती त्यांनी त्याच रात्री वापरली.

पांघरुणाचंही बोलते. वाटपातलं ब्लँकेट बहुतेक वेळा हातात घेतलं की हलकं लागतं, उजेडात धरलं की आरपार दिसतं. नगावर पैसे ठरतात, तेव्हा नग वाढवायला जाडी कमी होते. दोनशे जणांना पातळ देण्यापेक्षा ऐंशी जणांना जाड द्यावं, असं मी देणाऱ्यांना दरवर्षी सांगते. आमच्याकडची वाकळ बघा. पाच-सहा जुनी लुगडी, धोतरं, एकावर एक घडी मोडून अंथरायची, चारी बाजूंनी दोरा धरायचा आणि कडेकडेनं आत फिरत टाके घालत मधोमध यायचं. बायका दुपारच्या उन्हात अंगणात बसून ती घालतात. एक वाकळ अंगावर घेतली की वजन जाणवतं, पहाटेपर्यंत सरकत नाही. अडचण अशी की आता घरात जुनं सुती लुगडंच निघत नाही. साड्या सगळ्या कृत्रिम धाग्याच्या. त्या वाकळेत निसटतात, टाका धरत नाहीत आणि ठिणगी पडली की चिकटून जळतात. ज्यांच्याकडे जुनी सुती धोतरं, चादरी, पलंगपोस पडून असतील त्यांनी ते भांडीवालीला देऊ नयेत.

आणि स्वेटर देताना माणूस बघा. म्हाताऱ्या बाईचा हात खांद्याच्या वर जात नाही. तिला डोक्यातून घालायचा स्वेटर म्हणजे शिक्षा. समोरून उघडा, मोठ्या बटणांचा, लुगड्यावरून बसेल असा ढगळ हवा. पुरुषाला कानटोपी आणि मफलर दिला तर तो शेतातही वापरतो. बाळंतिणीच्या घरी ब्लँकेटापेक्षा टोपडी, झबली आणि धुतलेली मऊ दुपटी जास्त लागतात, कारण ती दिवसातून दहादा ओली होतात आणि थंडीत लवकर वाळत नाहीत. हे सगळं रांगेत उभं करून कळत नाही. आशाताई, अंगणवाडीच्या बाई, गिरणीवाला, निराधाराचा पगार काढून देणारा पोरगा, यांना कळतं. दीड हजाराच्या पगारात औषध, मीठमिरची आणि दळण भागवून हजाराची रजई कोण घेईल?

आपले लोक जसे जातात तसे दुसरीकडचे आपल्याकडे येतात. पाथरी, पूर्णा, गंगाखेड भागात कारखाने आहेत. थंडीत आमच्या शिवारात ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. उसाच्या बांधाला कोप्या उभ्या राहतात, बांबू आणि ताडपत्री, खाली पाचट. पहाटे चार-पाचला दवानं चिंब उसात शिरायचं, पायापासून कमरेपर्यंत भिजायचं, आणि बाई बाळाला टायरगाडीखाली झोळीत ठेवून मोळ्या बांधते. पंधरा दिवस, महिना ती माणसं आपल्या गावच्या हद्दीत राहतात. ते मतदार आपले नाहीत, रेशन आपल्याकडचं नाही, म्हणून कुठल्याच वाटपाच्या यादीत त्यांचं नाव नसतं. मला वाटतं, ज्याचा ऊस तोडला जातोय त्या शेतकऱ्यानं कोपीवर एक चक्कर मारावी. धड ताडपत्री, दोन रिकामी पोती, पहाटे अंग पुसायला बादलीभर गरम पाणी. आपल्या मुलीजावयासाठी परमुलखात कुणी एवढं केलं तर आपल्याला किती बरं वाटेल, ते आमच्या तालुक्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

सरपणाचा प्रश्न वेगळाच. ज्याच्याकडे रान आहे त्याच्याकडे तुराट्या आहेत, पऱ्हाट्या आहेत. कापूस संपला की पऱ्हाटी उपटून बांधाला पेटवून देतात, नाहीतर रोटाव्हेटर फिरवतात. मातीत कुजवणं चांगलंच, पण जी पेटवायची आहे ती तरी निराधार बाईच्या दारात टाका. एका बैलगाडीत तिचं महिन्याचं आंघोळीचं पाणी तापतं. शहरात सरपण नाही, तिथे टायर आणि प्लॅस्टिक जाळून शेकोटी होते आणि तो धूर लेकरांच्या छातीत जातो. कोळशाची पेटती शेगडी घेऊन दारं-खिडक्या लावून तर कुणी झोपूच नये. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, झोपलेला माणूस उठत नाही. ब्लँकेट देताना ही गोष्टही तोंडानं सांगावी.

शहराचं म्हणाल तर रात्री परभणीचं रेल्वे स्टेशन, बसस्थानक आणि सरकारी दवाखान्याचा व्हरांडा बघून यावा. दवाखान्यात रोग्याला खाट मिळते, सोबतीला आलेल्याला फरशी. गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा मुंबईत दादरला आहे, कॅन्सरच्या रोग्यांना आणि त्यांच्या माणसांना तिथे छप्पर मिळतं. जिल्ह्याच्या दवाखान्याला लागून तसंच काही हवं. बेघरांसाठीही नियम आहे. 2010 साली सर्वोच्च न्यायालयानं थंडीत मरणाऱ्या बेघरांचा प्रश्न हातात घेतला आणि शहरात लाख लोकसंख्येमागे एक निवारा हे प्रमाण त्यातून पुढे आलं. 2011 च्या जनगणनेत परभणी शहर तीन लाखांवर होतं. म्हणजे तीन निवारे, दिवे लागलेले, दार उघडं असलेले. आणि ते कुठे आहेत हे स्टेशनच्या आणि बसस्थानकाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असावं. रात्री अकराला गाडीतून उतरलेल्या, खिशात काही नसलेल्या माणसानं ते कुणाला विचारायचं?

एका थंडीला मात्र ब्लँकेट पुरत नाही. हरभरा, गहू, ज्वारीला पाणी द्यायचं ते लाईट असेल तेव्हा, आणि शेतीची लाईट कित्येक गावांत आठवडा दिवसा, आठवडा रात्रीची असते. रात्री बाराला लाईट आली की माणूस बॅटरी आणि फावडं घेऊन निघतो, गुडघाभर गार पाण्यात उभा राहून दारं धरतो. वर सहा-सात अंश, खाली पाणी, बाजूला सापाची भीती. माझे थोरले दीर साठी उलटल्यावरही जात होते. दिवसा वीज देण्यासाठी सौर कृषी वाहिनी योजना 2017 पासून आहे, 2023 मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. ज्या फीडरवर ती पोचली तिथली माणसं रात्री घरी झोपतात. थंडीतली मदत म्हणून जिल्ह्याच्या पुढाऱ्यांना एकच काम निवडायचं असेल तर त्यांनी उरलेल्या फीडरची यादी हातात घ्यावी. शंभर वाटपांपेक्षा ते मोठं काम होईल.

आता मागणी सांगते. आपला जिल्हा कापसाचा. मानवत, सेलूच्या जिनिंगमध्ये डोंगराएवढी रुई पडलेली असते. एक गाठ 170 किलोची भरते. जाड रजईला अडीच किलो रुई धरली तर एका गाठीत सत्तरेक रजया होतात. प्रत्येक जिनिंगवाल्यानं गाठ बांधायच्या आधीची तेवढी रुई द्यावी. रुई पिंजायला आमच्याकडे पिंजारी आहेत, त्यांना त्याची मजुरी मिळावी. शिवायला बचत गटाच्या बाया आहेत, त्यांनाही मजुरी मिळावी, फुकट सेवा म्हणून नको. पानिपतहून ब्लँकेटांचे गठ्ठे मागवायचे पैसे निघतात, तर हे पैसे का निघू नयेत? पेरा, वेचणी, सरकी काढणं, पिंजणं, शिवणं, सगळं जिल्ह्यातच होईल आणि रजई दहा वर्षं टिकेल. दर तीन-चार वर्षांनी फक्त पिंजून घ्यावी लागते.

हे पुढच्या दिवाळीआधी व्हायचं तर ग्रामपंचायतींनी घरोघरची यादी आत्ता, थंडी असतानाच करावी. कोण कशावर झोपतं ते आत्ताच दिसतं. उन्हाळ्यात विचारलं तर सगळेच म्हणतील, भागतंय. या वर्षीची थंडी अजून सरलेली नाही. गंगाखेडातल्या शिंपी भावाबहिणींनी कातरण फेकू नये, आठवड्याला पोतंभर मी गोळा करायला तयार आहे. बारदाने कुणी आडत दुकानदार देणार असेल तर दुपारी तीननंतर द्यावेत, तेव्हा मशीन रिकामं असतं.