भाकस कोणत्या कुशीवर?

चपट्या माशांचा सगळा गण एकाच पूर्वजापासून आला, की चपटेपणा दोनदा वेगवेगळा उपजला? 2021 साली ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये जनुकसंचांच्या आधाराने असे मांडले गेले, की भाकसाचे, म्हणजे सेटोडिसचे, घराणे बाकीच्या चपट्या माशांपासून वेगळे आहे आणि एका कुशीवर पडून राहण्याची रीत त्याने स्वतंत्रपणे कमावली. 2024 मध्ये त्याच नियतकालिकात दुसऱ्या गटाने ते खोडून काढले: उगम एकच. वादाचा निकाल तज्ज्ञ लावतीलच. पण हा वाद ज्या माशाभोवती फिरतो तो आपल्या किनाऱ्यावरचा आहे, आणि त्याची नोंद आपण कशी ठेवतो याकडे या अंकाच्या निमित्ताने जरा रोखून पाहायला हवे.

भाकस, सेटोडिस एरुमेई, शास्त्रात दाखल झाला तो 1801 मध्ये, ब्लॉख गेल्यावर श्नायडरने पुरे केलेल्या ग्रंथातून. मूळ नमुना कोरोमंडल किनाऱ्यावरच्या तरंगमबाडीचा. तांबड्या समुद्रापासून ऑस्ट्रेलियापर्यंत त्याचा वावर. या वंशात आणखी दोनच जाती, त्याही पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर. म्हणजे अख्ख्या हिंद महासागरात हे कूळ चालवणारा हा एकटाच.

ट्रॉलच्या ढिगातून लेप आणि लेपट्या वेगळ्या काढताना भाकस हाताला लागला, तर तो लेपासारखा मऊसूत पानासारखा वाटत नाही. अंग जाड असते. तोंड मोठे, वरचा जबडा डोळ्याच्याही मागे गेलेला, दात दणकट आणि टोकाशी बाणाच्या फाळासारखे. कल्ल्यांच्या कमानींवर नेहमीच्या काट्यांच्या जागी दातांचे पुंजके. पाठीच्या पराकडे पाहा: लेपाचा पर थेट डोक्यावरून पुढे आलेला असतो, भाकसाचा मात्र डोळ्यांच्या बराच मागे सुरू होतो आणि त्याचे पुढचे किरण काटेरी असतात. चपट्या माशांत असे काटे दुसऱ्या कुणाला सहसा नाहीत. आता मासा उलटा करून आंधळ्या बाजूने पाहा. सरकलेला डोळा पलीकडे पूर्ण पोचलेलाच नसतो, डोक्याच्या कडेवरच थांबलेला असतो, आणि या बाजूनेही त्याची कड दिसते. रीगनने 1910 मध्ये या माशाला पर्चच्या जातकुळीशी जोडले ते उगाच नाही. एका कुशीवर कललेला पर्च म्हणावा इतपतच त्याचा वाकडेपणा आहे.

तरीही शापलोने 1993 मध्ये गणाची एकजूट ज्या तीन खुणांवर बसवली, त्यात भाकस बसतो: एक डोळा सरकलेले विषम डोके, कवटीवर पुढे सरकलेला पाठीच्या पराचा आधार, आणि डोळे वर उचलणारी, द्रवाने भरणारी खोबणीतली पिशवी. यातली शेवटची खूण मोलाची. बाहेरून दिसत नाही, डोके फोडूनच पाहावी लागते. आणि आपल्याकडे डोके फोडून पाहण्याची सवय मागे पडत चालली आहे. पराचा तुकडा कापायचा, अल्कोहोलात टाकायचा, क्रमवारी लावणाऱ्या प्रयोगशाळेकडे पाठवायचा, आणि मासा बाजारात. नाव मिळते, नमुना जातो.

नमुना गेला की काय होते, हे लेपाच्या बाबतीत आपण पाहिलेच आहे. मलबार किनाऱ्यावरचा मुबलक लेप कित्येक वर्षे सायनोग्लॉसस सेमिफॅसिएटस या नावाने छापला जात होता. त्याच्या खाण्याचा, वाढीचा, विणीचा अभ्यास त्याच नावाखाली झाला. पुढे तो नॉर्मनने 1928 मध्ये वर्णिलेला मॅक्रोस्टोमस ठरला. या वंशाची घडी बसवणारे मेनन यांचे 1977 चे काम बाटल्यांतल्या माशांवरच उभे राहिले.

जीवाश्मांची गोष्ट याहून बोलकी. सरकण्याच्या वाटेवर अर्धवट थांबलेला डोळा कोणत्या उपयोगाचा, असा मायव्हार्टने 1871 मध्ये डार्विनला खडा सवाल केला. डार्विनने पुढच्या वर्षी सहाव्या आवृत्तीत उत्तर दिले: लहान मासा कुशीवर पडला की खालचा डोळा वर ताणतो, आणि त्या सवयीचा परिणाम पुढच्या पिढ्यांत उतरतो. या उत्तराला लामार्कचा वास येतो, हे डार्विनच्या चाहत्यांनीही मान्य करावे. खरे उत्तर संग्रहालयांत पडून होते. 2008 मध्ये मॅट फ्रीडमनने ईओसीन काळातले, सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीचे अँफिस्टियम आणि हेटेरोनेक्टिस तपासले. डोळा सरकलेला, पण अजून आपल्याच बाजूला. यातला अँफिस्टियम एकोणिसाव्या शतकापासून अभ्यासकांना ठाऊक होता; हेटेरोनेक्टिसचा नमुना व्हिएन्नाच्या संग्रहालयात होता. कुणी जपून ठेवले म्हणून कुणाला पाहता आले.

अँफिस्टियममध्ये डोळे डावीकडे असलेले नमुने आहेत तसे उजवीकडे असलेलेही. भाकसाचेही तसेच, दोन्हींचे प्रमाण जवळपास सारखे. लेप नेहमी डावीकडे डोळे असलेला, सोलिडी कुळातले मासे उजवीकडे, ही शिस्त भाकसात नाही. कुशीची निवड आधी बेशिस्त होती आणि मागाहून घराण्याघराण्यांत पक्की झाली, असा तर्क यावरून निघतो, आणि उत्क्रांतीच्या अभ्यासात तो महत्त्वाचा आहे. तो तपासायचा तर बंदरावरच्या नोंदीत एक साधा रकाना लागतो: डोळे डावीकडे की उजवीकडे. आपल्या उतरणीच्या आकडेवारीत हॅलिबट, फ्लाउंडर, सोल असे तीन गट मिळतात, कुशीचा रकाना कुठे दिसत नाही. शिवाय विद्यार्थ्यांना ओळख-किल्ली शिकवताना पहिलाच प्रश्न डोळ्यांच्या बाजूचा विचारण्याची पद्धत आहे. भाकसापाशी ती किल्ली अडते. सुरुवात पाठीच्या पराच्या उगमापासून करावी.

याहून त्रासाची एक गोष्ट छपाईतली. मासा डावीकडे तोंड करून छापायचा हा संकेत. चित्रफलक जुळवताना उजवीकडे तोंड असलेले छायाचित्र आरशातल्यासारखे उलटवले जाते. बांगड्याच्या बाबतीत फारसे बिघडत नाही. चपट्या माशाचे छायाचित्र उलटवले की त्याची बाजूच बदलते. पर वर, डोळे आपल्याकडे आणि तोंड डावीकडे, तर मासा डाव्या डोळ्यांचा, एवढ्यावरच वाचक विसंबून असतो. छापलेल्या फलकावरून कुणी पुढे मोजणी केली, तर ती मोजणी मांडणीकाराची ठरेल.

म्हणून पुढच्या अंकापासून चपट्या माशांवरच्या लेखांसाठी या मासिकाचे नियम बदलत आहोत. प्रत्येक नमुन्याची डोळ्यांची बाजू तक्त्यात लिहावी. छायाचित्रे दोन्ही बाजूंची द्यावीत, उलटवलेली चालणार नाहीत. ऊतीचा तुकडा फॉर्मलिनच्या आधी काढावा, आणि उरलेला मासा, निदान त्याचे डोके, संग्रहात जमा करून नोंदक्रमांक लेखात द्यावा. भाकसाच्या अळ्या प्लवकाच्या जाळ्यात मिळाल्या, डोळा अजून जागचा हललेला नसेल अशा तर विशेषच, तर पूर्ण लेखाची वाट न पाहता छोटे टिपण पाठवावे. त्यासाठी पाने राखून ठेवली आहेत.