तापलेल्या पाण्याची वाट

पुण्यातील वाड्यांत पाणी तापविणारा तांब्याचा बंब तोंडाने उघडा असे. तापून वाढलेले पाणी आणि वाफ आपसूक बाहेर पडत. आज धर्मशाळा, वसतिगृहे व भोजनशाळांसाठी गॅसवर चालणारे मोठे हीटर बसविले जातात. त्यांची टाकी बंद असते. ३०० लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापले, की सुमारे साडेचार लिटरांनी वाढते. थंड पाण्याच्या नळावर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असल्यास या वाढीला परतीची वाट उरत नाही आणि टाकीतील दाब चढत जातो.

म्हणूनच प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह अनिवार्य ठरतो. टाकी आणि तो व्हॉल्व्ह यांच्यामध्ये बंद करता येईल अशी चावी नसावी. त्याचा निचरा-नळ उष्णता सोसणारा, उताराचा, टोकाशी उघडा आणि डोळ्यांसमोरच्या मोरीपर्यंत नेलेला असावा. पाणी ठिबकते म्हणून त्यास बूच मारणे ही काटकसर नव्हे. त्याने टाकी फुटून माणसांचे प्राण जाऊ शकतात. थेंब वाचवायचे असतील, तर थंड पाण्याच्या नळावर एक्स्पान्शन टँक बसवावी.

प्लंबरचे अखेरचे बिल चुकते करण्यापूर्वी विश्वस्तांनी तो निचरा-नळ टोकापर्यंत स्वतः पाहून घ्यावा.