मागचा बाक : दाखवलं म्हणजे कॉपी नव्हे!

दहावीतल्या पोरांच्या लेखी कॉपी म्हणजे चिठ्ठी. गाइडची पानं मायक्रो झेरॉक्स करून काडेपेटीएवढी केलेली, कात्रीने पट्ट्या कापून, पंख्यासारख्या घड्या घालून मोज्यात सरकवलेली. ती कॉपी, यावर कुणाचं दुमत नसतं. पण उत्तरपत्रिका जराशी कडेला घेऊन मागच्याला गाळलेल्या जागा दिसू दिल्या, तर?

‘ते नुसतं दाखवणं झालं.’

दाखवतो तो दिलदार, हाताची आड करून लिहितो तो ‘शहाणा’. दोस्त असून दाखवलं नाही, ही बदनामी वर्षभर पुरते. चिठ्ठी पकडली गेल्याची गोष्ट मात्र पुढे हसत सांगितली जाते. 1982 पासून परीक्षेतल्या गैरप्रकारांविरुद्ध राज्यात कायदा आहे. त्या कायद्यात दिलदारीला सूट नाही, पण वर्गात कायदा वाचतो कोण?

ही प्रतवारी पोरांच्या डोक्यातून आपोआप उगवलेली नाही. मार्च 2023 मध्ये सिंदखेडराजा तालुक्यातून बारावीच्या गणिताच्या पेपरची पानं वेळेआधी बाहेर पडली, तेव्हा अटक झालेल्यांत शिक्षकही होते. आणि गुणांचं म्हणाल, तर 2019 साली दहावीच्या भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातले 20 गुण काढून घेतले. आदल्या वर्षीचा 89.41 टक्क्यांचा निकाल घसरून 77.10 वर आला. ओरड झाली, गुण परत मिळाले आणि 2020 चा निकाल 95.30 टक्के लागला. ते गुण देणं ही काही कॉपी नव्हे. पण काही गुण लिहून मिळतात आणि काही वरून येतात, हे चौदा वर्षांच्या पोराला कळायला यापेक्षा सोपा धडा कुठला?

जानेवारी 2025 मध्ये शाळाशाळांतून कॉपीमुक्तीची शपथ झाली. परिपाठाला उभं राहून, प्रतिज्ञेच्याच चालीत. (कुठलीही शपथ आपल्याकडे त्याच चालीत म्हटली जाते.) त्याच सुमारास राज्य शिक्षण मंडळाने केंद्रावरची माणसं बदलायचं ठरवलं: केंद्रसंचालक आणि पर्यवेक्षक दुसऱ्या शाळांचे. आधी हे सरसकट होतं, मग आधीच्या परीक्षांत गैरप्रकार सापडलेल्या केंद्रांपुरतं उरलं.

शपथेने पोरांच्या कपाळावर आठी चढत नाही. पर्यवेक्षक बदलणार म्हटल्यावर चढते. मग पेपरच्या आदल्या संध्याकाळी अभ्यास किती झाला हे राहतं बाजूला. ‘आपल्या ब्लॉकवर सर कुठल्या शाळेचे?’ हाच प्रश्न फिरत राहतो.