फाटकावरचा माणूस

२०१८ या एकाच वर्षी संपत्तीविषयीचे दोन चित्रपट प्रदर्शित झाले. ऑगस्टमध्ये हॉलिवूडचा ‘क्रेझी रिच एशियन्स’ आणि नोव्हेंबरमध्ये मराठी ‘मुळशी पॅटर्न’. एक हसतखेळत सांगितलेली प्रेमकथा, दुसरा रक्तरंजित. परंतु दोहोंत एक साम्य आहे आणि ते श्रीमंतांच्या फाटकाशी उभे आहे.

पहिल्या चित्रपटाची गोष्ट व्यापारी घराण्यांना परकी वाटू नये. न्यूयॉर्कमध्ये अर्थशास्त्र शिकवणारी रेचल आपल्या प्रियकरासोबत सिंगापूरला जाते, तेव्हा तिला त्याच्या घराण्याच्या अफाट ऐश्वर्याचा पत्ता लागतो. मुलगी गुणी आहे. पण घराणे कोणते, हा मुलाच्या आईचा प्रश्न. केव्हिन क्वान यांच्या कादंबरीवरून जॉन चू यांनी हा चित्रपट काढला. ‘द जॉय लक क्लब’नंतर तब्बल पंचवीस वर्षांनी हॉलिवूडच्या एका मोठ्या निर्मितीसंस्थेने आजच्या काळाची कथा प्रामुख्याने आशियाई वंशाच्या नटनट्यांवर सोपवली होती. अमेरिकेतील आशियाई कुटुंबांना त्याचे अप्रूप वाटणे साहजिकच होते.

सिंगापूरकडून पाहिले की हिशेब बदलतो. तेथे चिनी वंशाचे लोक सुमारे तीन-चतुर्थांश. उरलेल्यांत प्रामुख्याने मलय आणि भारतीय. मलय व तमिळ या तेथील राजभाषाही आहेत. चित्रपटात मात्र सावळ्या वर्णाची माणसे दिसतात ती बहुधा पहारा देताना वा सेवा करताना. अमेरिकेत ज्यांना पडद्यावर जागा नव्हती, त्यांना ती मिळाली. पण त्याच चौकटीत दुसरे कोणी कडेला ढकलले गेले. ही टीका तेव्हाही झाली आणि ती रास्त होती.

प्रवीण तरडे यांच्या ‘मुळशी पॅटर्न’ने हेच चित्र उलट्या बाजूने दाखवले. पुण्यालगतच्या मुळशी तालुक्यात हिंजवडीसारख्या गावी संगणक कंपन्या आल्या, बंगले उठले, जमिनीला सोन्याचा भाव आला. चित्रपटातील शेतकरी जमीन विकतो, पैसा उडवतो आणि पूर्वी स्वतःच्या असलेल्या जमिनीवर पहारेकरी होतो. मोहन जोशी यांनी साकारलेला हा बाप आणि गुन्हेगारीकडे वळलेला त्याचा मुलगा ही कथेची मुख्य पात्रे आहेत. येथे फाटकावरच्या माणसाला नाव आहे, गाव आहे, संताप आहे. त्याची चूकही लपवलेली नाही. व्यवहाराच्या भाषेत सांगायचे तर त्याने भांडवल हेच उत्पन्न समजून खर्च केले.

व्यापारी समाजाची पडद्याविषयी जुनी तक्रार आहे. बाबूराव पेंटर यांच्या १९२५ सालच्या ‘सावकारी पाश’ने शेतकऱ्याची जमीन गिळणारा सावकार दाखवला. ते दुःख खरे होते, म्हणूनच तो चित्रपट थोर ठरला. परंतु पुढे तोच साचा झाला. हंगामभर उधारीवर माल देणारा, पहाटे दुकान उघडणारा, दुष्काळात धान्याची कोठारे मोकळी करणारा व्यापारी पडद्यावर क्वचितच आला. तक्रार चुकीची नाही. मात्र ती करणाऱ्याने दुसऱ्याचेही खाते तपासले पाहिजे.

पडद्यावर किती जण दिसले, एवढ्यावर प्रतिनिधित्व मोजता येत नाही. कोणाला बोलायला मिळाले आणि कोणाला नुसते दार उघडायला, हे पाहावे लागते. मुळशीच्या डोंगरउतारावर आज शहरातील अनेक कुटुंबांची सुट्टीची घरे आहेत. त्या घरांच्या फाटकावर उभा असलेला माणूस कोणत्या गावचा, ही जमीन पूर्वी कोणाची, तिचे पैसे कोठे गेले, हे घरमालकाला ठाऊक असते का? कुळ, पत आणि पिढ्यांचा हिशेब तोंडपाठ असणाऱ्या घराण्यांना एवढी विचारपूस जड जाऊ नये. आपले चित्र पडद्यावर न्याय्य उमटावे, अशी ज्यांची अपेक्षा आहे, त्यांच्या वहीत फाटकावरच्या माणसाची नोंद नुसती ‘वॉचमन, पगार’ एवढीच असू नये.