वॉशिंग्टनचा वारा आणि सोलापूरचा माग

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली आणि नववीतला एक मुलगा आलाच नाही. आठ दिवस वाट पाहून आम्ही दोघे शिक्षक त्याच्या घरी गेलो. वडील टॉवेलच्या मागावर कामाला. कारखान्याची एक पाळी बंद झालेली आणि मुलगा गॅरेजवर जाऊ लागलेला. वडील म्हणाले, "सर, अमेरिकेनं टॅक्स लावला म्हणे. मालाला उठाव नाही. यात आमची काय चूक?"

चूक त्यांची नाहीच. अमेरिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावर आधी २५ टक्के आणि त्याच महिन्याच्या २७ तारखेपासून एकूण ५० टक्के आयात शुल्क लावलं. निर्णय वॉशिंग्टनमध्ये झाला, पाळी सोलापुरात बंद पडली. पण एक प्रश्न उरतोच. त्याच गल्लीतल्या दुसऱ्या घरातली मुलगी शाळेत येतेय, मग हाच मुलगा का गळाला?

व्यवसायाच्या पुस्तकात पर्यावरणाचे दोन भाग सांगतात. एक स्थूल, म्हणजे जागतिक बाजार, कायदे, कर, हवामान. दुसरं सूक्ष्म, म्हणजे आपला सूतवाला, गिऱ्हाईक, सावकार, कामगार, घर. मुलं हे पाठ करतात. सोलापूर मात्र दीडशे वर्षं हेच जगतंय.

या शहराला घडवलं ते मोठ्या वाऱ्यांनीच. १८६० मध्ये रेल्वे आली. १८७६ ते ७८ च्या भीषण दुष्काळाच्या काळात, १८७७ मध्ये, जुनी मिल सुरू झाली. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, आसपासच्या खेड्यांतून सगळ्या जातीधर्मांची माणसं आली. पुढे जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी एकेक करून थंडावल्या आणि काम यंत्रमागांच्या छोट्या शेडमध्ये गेलं. मिलमध्ये हजेरीपट होता, युनियन होती, फंड होता. शेडमध्ये मालकाचा शब्द आणि आठवड्याचा पगार उरला.

तेव्हापासून प्रत्येक मोठा धक्का थेट घरात येतो. नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी, जुलै २०१७ चा जीएसटी, मार्च २०२० चा लॉकडाऊन. मे २०२२ मध्ये कापसाची ३५६ किलोची खंडी एक लाख रुपयांच्या वर गेली. सूत महागलं की मोठा कारखानदार आधीच साठा करून ठेवतो. चार मागांचा मालक उधारीवर सूत घेतो, त्याला त्या दिवसाचा भाव द्यावा लागतो. वारा एकच, पण छप्पर वेगवेगळं.

शहरांचंही तसंच आहे. १८५७ नंतर उत्तर प्रदेशातून निघालेले मोमीन विणकर मालेगाव आणि भिवंडीत स्थिरावले. भिवंडीला मुंबई जवळ, त्यामुळे मागांच्या जागी गोदामं उभी राहिली. मालेगावजवळ असं बंदर नाही. इचलकरंजीने नवे, धोटे नसलेले माग घेतले. सोलापूरने चादर आणि टेरी टॉवेल धरून ठेवले. दोन्हींना भौगोलिक मानांकनही मिळालं. पण मानांकनाने बाजार मिळतोच असं नाही. पानिपतचं पॉलिस्टरचं मऊ ब्लँकेट आज आपल्याच लग्नांत आहेर म्हणून दिलं जातं. बघा आपल्या घरात.

आता दुसरं घर पाहू. त्या मुलीची अम्मी विडी वळते. हा धंदा तर जास्तच अडचणीत आहे. तंबाखूवरची बंधनं वाढली, २०१७ मध्ये विडीवर २८ टक्के जीएसटी लागला. मजुरी तुटपुंजी, वर छाट काढली की हातात आणखी कमी. तरीही काही घरं टिकली, कारण त्यांच्याभोवतीचं सूक्ष्म पर्यावरण लढून घडवलेलं होतं. विडी कामगारांसाठी १९६६ चा स्वतंत्र कायदा झाला. १९७६ च्या कल्याण निधीतून मुलांना शिष्यवृत्ती मिळू लागली. सोलापूरच्या बायका वर्षानुवर्षं मोर्चे काढत राहिल्या. कॉम्रेड नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली कुंभारीत गोदूताई परुळेकर वसाहतीची १० हजार घरं उभी राहिली, २००६ मध्ये चाव्या मिळाल्या. पुढे असंघटित कामगारांसाठी रे नगरची ३० हजार घरांची योजना आली, त्यातली १५ हजार घरं जानेवारी २०२४ मध्ये दिली गेली.

त्या मुलीच्या घरी भाडं नाही. अम्मीकडे कार्ड आहे, पीएफ आहे. मजुरी घटली की घरात कालवण पातळ होतं, पण मुलीचं दप्तर भिंतीला टांगलेलंच राहतं. मुलाच्या घरी भाडं थकलंय, वडिलांच्या कामाचा एकही कागद नाही. फरक तिथे पडला.

सूक्ष्म पर्यावरण बिघडलं तर काय होतं, तेही आपण पाहिलंय. १८ मे २०२५ च्या पहाटे अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ जणांचा जीव गेला. मालकाच्या घरची माणसं गेली, कामगाराच्या घरचीही गेली. कामाची जागा आणि झोपायची जागा एकच असली की आग मालक-मजूर असा भेद करत नाही.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच. शुल्क, कर आणि कापसाचा भाव आपल्या हातात नाहीत, त्यांना नशीब म्हणून मात्र सोडू नका. कायदे माणसंच करतात आणि एकजुटीपुढे ते बदलतात, हे विडीवाल्या बायकांनी दाखवलंय. बाकी बरंचसं मोहल्ल्यातच होण्यासारखं आहे. मागावर जाणाऱ्या प्रत्येकाने पगाराची चिठ्ठी आणि पीएफ नंबर मागावा, पीएफ नसेल तर ई-श्रम कार्ड काढावं. छोट्या मालकांनी उद्यम नोंदणी करावी, पाच-सहा जणांनी मिळून सूत घ्यावं. जमातींनी लग्नाच्या हॉलइतकाच विचार बिनव्याजी कर्जाच्या छोट्या निधीचाही करावा. दोन महिन्यांचं भाडं वेळेवर मिळालं असतं तर एक मूल शाळेत राहिलं असतं. ही रक्कम एका वलीम्याच्या मंडपापेक्षा कमी आहे.

आम्ही त्याच्या वडिलांना दहावीपर्यंतचा हिशोब कागदावर मांडून दाखवला. ते "बघतो" म्हणाले. पटावरून त्याचं नाव आम्ही अजून काढलेलं नाही.