श्रुतींची पेटी आणि साडेबेचाळीस हजारांचा डबा

पुण्याहून मिरजेला घरी जाताना साताऱ्यात थांबायचं, मित्राकडे चहा प्यायचा आणि कडाक्याचं भांडण करून पुढे निघायचं, हा माझा कित्येक वर्षांचा नेम आहे. भांडणाचे विषय बदलत गेले. आधी लिनक्स की विंडोज, मग कॅनन की निकॉन. गेली दोन-तीन वर्षं मात्र एकच विषय चाललाय: हेडफोन कशाला जोडायचा?

मित्राच्या टेबलावर एकावर एक तीन डबे आहेत. एक डॅक, एक अ‍ॅम्प आणि तिसरा त्या दोघांना ‘स्वच्छ’ वीज देणारा. लॅपटॉपच्या भोकात हेडफोन खुपसून गाणं ऐकणारा माणूस त्याच्या मते दयेस पात्र. डबे लावल्यावर काय होतं, हे सांगायची त्याची भाषाही ठरलेली: “पडदा बाजूला होतो रे. मागे काळीभोर शांतता, आणि त्यातून गायक पुढे येतो.” दोन वर्षं मी हसत होतो. तिसऱ्या वर्षी घेतला. डॅक आणि अ‍ॅम्प मिळून साडेबेचाळीस हजार रुपये.

तर मंडळी, आजचा लेख त्या डब्याविरुद्ध आहे, आणि थोडा तो घेणाऱ्या माझ्याविरुद्धही. ज्यांनी नुकताच घेतलाय त्यांनी पुढे वाचून रक्तदाब वाढवून घेऊ नये. ज्यांच्या ऑनलाइन कार्टमध्ये तो अजून पडून आहे, त्यांनी जरूर वाचावं.

आधी ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी. गाणं फाइलमध्ये आकड्यांच्या रूपात असतं. त्या आकड्यांचा विजेचा तरंग करतो तो डॅक. त्या तरंगाला हेडफोन हलवण्याइतकी ताकद देतो तो अ‍ॅम्प. ही दोन्ही कामं तुमचा फोन, लॅपटॉप किंवा फोनला लावायची ती बोटभर डोंगल आत्ताही करतेच. प्रश्न इतकाच, की वेगळ्या डब्याने ती जास्त चांगली होतात का, आणि होत असली तर ते ऐकू येतं का?

डबा आला. पहिल्या रात्री मलाही वाटलं, आहे बुवा फरक! दुसऱ्या रात्री बायकोने विचारलं, “आवाज एवढा मोठा कशाला?” तिथे माझ्यातला इंजिनियर जागा झाला. जरासा मोठा आवाज आपल्याला ‘मोठा’ वाटत नाही, ‘चांगला’ वाटतो. दुकानदाराला हे माहीत असतं, आपल्याला नसतं.

म्हणून पुढच्या शनिवारी रीतसर परीक्षा घेतली. एका बाजूला साडेबेचाळीस हजारांचा डबा, दुसऱ्या बाजूला फोनची डोंगल. ५० हर्ट्झचा सूर वाजवला, हेडफोन जोडलेला ठेवून मल्टीमीटरने दोन्हीकडचे व्होल्ट मोजले (साधा मल्टीमीटर घरच्या विजेसाठी बनवलेला असतो, त्यामुळे तो ५० हर्ट्झला बरोबर वाचतो) आणि एक टक्क्याच्या आत सारखे केले. एक टक्का म्हणजे साधारण ०.१ डेसिबल. मग चुलतभावाला टेबलामागे बसवलं. तो नाणं उडवणार, त्याप्रमाणे वायर बदलणार, आणि मी पाठ करून ओळखणार. अशा १६ फेऱ्या. निव्वळ अंदाजाने १६ पैकी १२ किंवा जास्त बरोबर यायची शक्यता चार टक्क्यांहून कमी असते, म्हणून पास व्हायला १२ ठरवले.

माझे ९ आले.

म्हणजे नाण्यानेच उत्तरं दिली असती तरी चाललं असतं. आणि गंमत अशी, की चुकीची उत्तरं देतानाही मला ‘पडदा बाजूला झाल्याचा’ अनुभव अगदी खराखुरा येत होता. फक्त तो डोंगलवर येत होता.

साताऱ्याला फोन केला. मित्र म्हणाला, तुझे कान तयार नाहीत. ठीक आहे, माझे नसतील. पण २००७ साली मेयर आणि मोरन या दोघांनी ऑडिओ इंजिनियरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये एक प्रयोग छापला. हाय-रिझोल्यूशन आवाज थेट, आणि तोच साध्या सीडीच्या दर्जातून गाळून. ओळखा. ५५४ वेळा विचारलं, २७६ वेळा बरोबर उत्तर आलं. म्हणजे ४९.८ टक्के. प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगतो: २०१६ साली जोशुआ रीस यांनी १८ प्रयोगांची एकत्र तपासणी केली तेव्हा बरोबर उत्तरांचं प्रमाण ५२.३ टक्के निघालं. संख्याशास्त्राच्या दृष्टीने तो फरक खरा आहे. पण मला सांगा, नाण्यापेक्षा सव्वादोन टक्के बरं, याला कुणी ‘पडदा बाजूला होणं’ म्हणतं का?

यावर मित्राने हुकमाचं पान काढलं. म्हणाला, “तू मिरजेचा ना? देवल आणि क्लेमेंट्सचं काय झालं आठव. संगीत मीटरने मोजता येत नाही!”

पान जबरदस्त होतं, कारण ही गोष्ट आमच्याच गावाकडची आहे. कृष्णाजी बल्लाळ देवल हे सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर (‘शारदा’ लिहिणारे ते गोविंद बल्लाळ, हे कृष्णाजी). त्यांनी २२ श्रुती गणिताने नक्की करायचा ध्यास घेतला. मदतीला खुद्द अब्दुल करीम खाँसाहेब. १९१० साली देवलांचं श्रुतींवरचं इंग्रजी पुस्तक आलं. साताऱ्याचे जिल्हा न्यायाधीश ई. क्लेमेंट्स यांनाही हाच नाद. त्यांचं पुस्तक १९१३चं. सगळ्या श्रुती वाजवणारी खास पेटीसुद्धा तयार झाली. आणि १९१६ साली बडोद्याच्या संगीत परिषदेत ती मांडली गेली, तेव्हा भातखंडे आणि तिथल्या गवयांनी ती मान्य केली नाही. रागात स्वर कुठे लागतो हे पेटी ठरवू शकत नाही, असं ते प्रकरण झालं.

मित्राच्या मते हा कानाचा मीटरवर विजय. मीही आठवडाभर गप्प होतो. मग लक्षात आलं, की या गोष्टीचा अर्थ त्याने बरोब्बर उलटा लावलाय.

पेटी स्वर *निर्माण* करते. गंधार नेमका कुठे ठेवायचा हा निर्णय ती घेते, आणि एकदा घेतला की दरबारीत काय, भैरवीत काय, तोच. गवयांचं भांडण त्या निर्णयाशी होतं. डॅक असला कुठलाच निर्णय घेत नाही. त्याचं काम नकलनवीसाचं. आलं तसं उतरवून द्यायचं. आणि नक्कल मूळ प्रतीशी जुळते की नाही, हे तपासायला रसिकता लागत नाही. दोन्ही कागद शेजारी ठेवले की झालं. संगीत मोजता येत नाही हे शंभर टक्के मान्य, पण नक्कल मोजता येते.

आता देवलांच्याच मापाने मोजू. दोन शेजारच्या श्रुतींमधलं एक नेहमीचं अंतर ८१ ला ८० या प्रमाणाचं, म्हणजे साधारण २१.५ सेंट (पेटीच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमध्ये १०० सेंट असतात). डॅकमधलं घड्याळ दहा हजारात एक इतकं चुकलं, तर सूर ०.१७ सेंटने हलेल. श्रुतीच्या सव्वाशेव्या भागाइतका! याउलट खाँसाहेबांची ७८ फेऱ्यांची तबकडी घ्या. ती मिनिटाला ७८ ऐवजी ७९ फेऱ्या फिरली तर सूर २२ सेंटने चढतो. एका फेरीत अख्खी श्रुती गेली. (सगळेच स्वर सारखे चढतात म्हणून राग बिघडत नाही, पण पट्टी बदलते.) म्हणजे फरक पडतो तो तबकडीवरून फाइल करणाऱ्याने वेग नीट लावला की नाही याने. तुमच्या डब्याने नाही.

शांततेचंही तेच. तबकडीच्या खरखरीपासून गाण्याच्या सर्वांत मोठ्या आवाजापर्यंतचं अंतर चाळीसेक डेसिबल, तेही तबकडी चांगली असली तर. १६ बिटांच्या सीडीचं ९६. आणि आम्ही १२० डेसिबलवाला डॅक घेऊन १९३०च्या दशकातली तबकडी ऐकणार. विहिरीत पाणी दोन हात, आणि आमचा दोर शंभर हात लांब. वर शेजाऱ्याला सांगायचं, आमचा दोर एकशेवीस हात आहे!

यात फक्त ‘कानवाले’च दोषी आहेत असं नाही. ‘आकडेवाले’ही तेवढेच. ११५ डेसिबलचा डॅक विकून ११८चा घेणारे लोक मी पाहिलेत. ऐकू न येणारी गोष्ट अजून कमी ऐकू येते, म्हणून पैसे मोजायचे. २०११ साली नाव गुप्त ठेवून ‘एनडब्ल्यूएव्हीगाय’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका इंजिनियरने ओ-टू नावाच्या अ‍ॅम्पचा आराखडा फुकट खुला केला होता. साधे, कुठेही मिळणारे भाग आणि चोख मापं. पुढच्याच वर्षी तो लिहायचा थांबला. एकदा काम पुरेसं चांगलं झालं की पुढचा खर्च हौसेचा, एवढंच त्याचं म्हणणं होतं. ते आजही खोडता आलेलं नाही.

मग अ‍ॅम्प कधीच लागत नाही का? लागतो. पण कधी लागतो, ते दहावीच्या विज्ञानाने सांगता येतं. समजा हेडफोन ३२ ओहमचा आहे आणि एका मिलिवॅटला १०० डेसिबल देतो. एक व्होल्ट देणारी डोंगल त्याला ३१ मिलिवॅट पुरवते, म्हणजे ११५ डेसिबल. कान फुटतील. ३०० ओहमचा असेल तर १०५. तेही घरात पुष्कळ. अवजड, मंद हेडफोन असेल तर हिशेब करा आणि खुशाल अ‍ॅम्प घ्या. दुसरी खरी बाब म्हणजे आउटपुट इम्पिडन्स. कानात घालायचे काही इअरफोन एका पट्टीत ८ ओहम, तर दुसऱ्या पट्टीत ४० ओहम असतात. त्यांना १० ओहमचं यंत्र जोडलं तर आवाजाचा तोल पाच डेसिबलने बिघडतो. हा फरक पाठ करूनही ओळखता येतो. पण याचा उपाय कमी इम्पिडन्सचं यंत्र हा आहे, आणि ते महागच असतं असं नाही.

असो. खरी गोष्ट अजून सांगायची राहिलीय.

हा डबा मी माझ्यासाठी घेतलाच नव्हता, किंवा निदान घेताना स्वतःला तसं सांगितलं होतं. घेतला अण्णांसाठी. आमचे अण्णा म्हणजे मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरसाला रात्र-रात्र गाणं ऐकलेला माणूस. गेली दोन वर्षं त्यांनी गाणं ऐकणं हळूहळू सोडलं होतं. “आता मजा येत न्हाई रं,” म्हणायचे. मला वाटलं, चांगलं यंत्र दिलं की येईल मजा.

परीक्षेच्या दिवशी हेडफोन त्यांच्याही डोक्यावर ठेवला. दोन मिनिटं ऐकून त्यांनी तो उतरवला. म्हणाले, “दोन्ही सारखंच की. पर तंबोरा कुटं गेला?”

तंबोरा होता. मला स्वच्छ ऐकू येत होता. ज्या गावात तंबोऱ्याची जवारी काढणारी घराणी पिढ्यान् पिढ्या बसलीत, त्या गावातल्या माणसाला जवारीच ऐकू येत नव्हती.

सोमवारी कानाची तपासणी केली. आलेखाची रेघ ३००० हर्ट्झपर्यंत बरी, आणि पुढे घाटातून उतरावी तशी सरळ खाली. जवारीची बरीच चमक तिथे असते. साडेबेचाळीस हजारांचं यंत्र घ्यायच्या आधी काही शे रुपयांत झालं असतं ते मोजमाप मी केलं नव्हतं. डॅकचे आलेख पहाटे तीनपर्यंत पाहणाऱ्या मला माझ्या बापाचा आलेख काढायचं सुचलं नाही.

म्हणून माझा राग या डब्यांवर आहे. ते वाईट आहेत म्हणून नव्हे, ते उत्तमच आहेत. पण साखळीतला जो दुवा आधीच धडधाकट आहे, तोच पुन्हा पुन्हा विकत घ्यायला ते आपल्याला शिकवतात. दुबळे दुवे वेगळेच असतात: रेकॉर्डिंग, हेडफोन आणि कान. वर अ‍ॅम्पच्या जोरावर आवाज वाढवत नेला तर तिसरा दुवा आणखी दुबळा होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतं, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे ८९ डेसिबलला फक्त पाच तास. रोज लोकलमध्ये किंवा कंपनीच्या बसमध्ये तासभर ऐकणाऱ्यांनी हा गुणाकार स्वतःच करावा.

पैसे असतील तर आधी चांगला हेडफोन घ्या. मग कान तपासून घ्या, स्वतःचे आणि आईवडिलांचे. तरीही उरले तर मिरजेला या. मंगळवेढ्याकडच्या भोपळ्यापासून होणारा तंबोरा बघा. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालंय. सुताचा बारीक दोरा तारेखाली सरकवत कारागीर जवारी लावतो, तेव्हा ‘पडदा बाजूला होणं’ म्हणजे काय ते कळतं. तेही विनाडॅक.

डबा मी विकला, थोडं नुकसान सोसून. ते पैसे अण्णांच्या श्रवणयंत्रात घातले. यंत्राची त्यांना अजून सवय नाही, भांड्यांचा आवाज फार होतो म्हणून कुरकुरतात. पण गेल्या रविवारी भैरवी लावली होती, साध्या डोंगलवर. मध्येच हात वर करून मला गप्प केलं आणि म्हणाले, “थांब. आला बग तंबोरा.”

डबा कुणी घेतला विचारताय? साताऱ्याच्या मित्राने. आता त्याच्या टेबलावर पाच डबे आहेत. पुढच्या शनिवारी मल्टीमीटर घेऊन जातोय.