बेडकांचा पगार किती?

मृगाचा पाऊस लागला आणि माझी धाकटी बहीण चार दिवसांसाठी देऊळगाव राजाला आली. येताना चिरंजीवांना आणि त्यांच्याविषयीच्या तक्रारीला बरोबर घेऊन आली. मुलगा प्राणिशास्त्र घेऊन चांगल्या गुणांनी पदवीधर झाला. आता बी.एड. करून कुठे चिकटावे, ही त्याच्या वडिलांची अपेक्षा. पण स्वारी म्हणते, मी बेडकांचा अभ्यास करणार!

"दादा, तू प्राध्यापक आहेस. तूच सांग, बेडकांचा पगार किती असतो?"

मी मराठीचा माणूस. माझा बेडकाशी संबंध 'कूपमंडूक' या समासापुरता. तेव्हा भाच्यालाच विचारले, तर तो रात्री जेवणानंतर बॅटरी घेऊन मला गावाबाहेरच्या नाल्यावर घेऊन गेला. हळदीने माखल्यासारखे पिवळेधमक बेडूक गळ्याशी निळे फुगे फुगवून ओरडत होते. इतकी वर्षे मी या गावात राहतो. हा सोहळा कधी पाहिला नव्हता.

"मामा, यांच्याच तंगड्या परदेशी खाणावळींत जात होत्या," तो म्हणाला. "१९८७ साली सरकारने निर्यात बंद केली. मुंबईच्या हुमायून अब्दुलअलींनी या व्यापाराविरुद्ध लिहिलं होतं. होते ते पक्षितज्ज्ञ, पण त्यांच्या नावाचा सह्याद्रीत एक बेडूक आहे."

घरी आल्यावर त्याने वरद गिरी यांची हकिकत सांगितली. हे गृहस्थ मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत होते. २००३ साली दोन परदेशी सहकाऱ्यांबरोबर त्यांनी आंबोलीच्या एका देवगांडुळाची शास्त्रात प्रथम नोंद केली. हे गांडूळही नव्हे आणि सापही नव्हे, बेडकाचाच बिनपायांचा भाऊबंद. माती उकरून शोधावा लागतो. त्याला नाव दिले सोसायटीतलेच ज्येष्ठ संशोधक जे. सी. डॅनियल यांचे. पुढे २००९ साली बिजू आणि गिरी प्रभृतींनी आंबोलीचा एक भेक जगापुढे आणला. त्याच्या अंगावर वाघासारखे पिवळे पट्टे. त्याचा कोयनेचा भाऊ सोमण यांनी १९६३ सालीच नोंदवला होता. हा आंबोलीकर जांभ्याच्या सड्यावर, ओंजळभर साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. पाऊस चार दिवस रुसला की पाणी आटते आणि अंडी वाळून जातात. साऱ्या जगात त्याचे घर म्हणजे तेवढाच डोंगरमाथा, आणि तिथल्या रस्त्यावर आपण सहलीच्या मोटारी घेऊन जातो. अत्यंत संकटग्रस्तांच्या यादीत त्याचे नाव आहे.

"आणि गिरींना काय मिळालं?" बहिणीने आतून विचारले.

"त्यांच्या नावाच्या पाली आहेत, एक सापही आहे."

"पालीला नाव? हा मान की शिवी?"

मी हसलो खरा, पण एम.ए. होऊन वीस वर्षे झाली, माझ्या नावाने अजून साधी पालसुद्धा नाही, हेही मनात आले.

बहिणीचा प्रश्न मात्र खोटा नव्हता. या विद्येत पक्क्या नोकऱ्या थोड्या. शिष्यवृत्ती आज आहे, उद्या नाही. रात्ररात्र पावसात हिंडायचे, पायाखाली फुरसे आले तर दवाखाना कोसभर दूर. मुलगी कोण देणार, हे तर तिने तीनदा विचारले. मी 'आधी बी.एड. कर' असे म्हणणारच होतो. पण हेच वाक्य मी पूर्वी ऐकले होते. मला जात्यावरच्या ओव्या गोळा करायच्या होत्या. वडील म्हणाले, आधी नोकरी. नोकरी लागली, घर झाले. दोन वर्षांपूर्वी वही घेऊन मी आजोळी गेलो, तर ओव्या म्हणणाऱ्यांपैकी एकच म्हातारी उरली होती, आणि तिला ऐकू येत नव्हते.

हे मी बहिणीला सांगितले. ती काही बोलली नाही. सकाळी बालाजीचे दर्शन घेऊन आली, पिशवी भरली. बस लागल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाली,

"त्याला गुडघ्यापर्यंतचे चांगले गमबूट घेऊन दे. पैसे मी पाठवीन. यांना मात्र सांगू नकोस."